लुईस टर्मन

लुईस मॅडिसन टर्मन (१५ जानेवारी १८७७ – २१ डिसेंबर १९५६) हे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ होते. फ्रान्समधील बिने-सायमन बुद्धिमापन श्रेणीची त्यांनी केलेली सुधारित आवृत्ती ‘स्टॅनफर्ड-बिने चाचणी’ म्हणून जगभर वापरली गेली. बुद्धिगुणांक ही संज्ञा शाळा, दवाखाने आणि सर्वसामान्य लोकांपर्यंत पोहोचवण्यात त्यांचा वाटा सर्वांत मोठा मानला जातो. उच्च बुद्धिगुणांकाच्या १,५२८ मुलामुलींचा त्यांनी १९२१ साली सुरू केलेला अभ्यास हा मानसशास्त्रातील सर्वाधिक काळ चाललेल्या अभ्यासांपैकी एक आहे. प्रज्ञावान मुलांच्या शिक्षणाचे जनक म्हणून त्यांचा उल्लेख होतो. सुप्रजननशास्त्राच्या चळवळीतील सहभाग आणि वांशिक बुद्धिभेदांविषयीची मते यांमुळे त्यांच्यावर तीव्र टीकाही झाली आहे.

सुरुवातीचे जीवन

टर्मन यांचा जन्म इंडियाना राज्यातील जॉन्सन काउंटी येथे एका शेतकरी कुटुंबात झाला. चौदा भावंडांमध्ये ते बारावे होते. त्यांचे प्राथमिक शिक्षण एका खोलीच्या ग्रामीण शाळेत झाले. ते साधारण दहा वर्षांचे असताना पुस्तके विकणारा एक फिरता विक्रेता त्यांच्या घरी आला. कवटीचे उंचवटे चाचपून स्वभाव व बुद्धी सांगण्याची विद्या त्या काळी लोकप्रिय होती. त्या विक्रेत्याने लहानग्या लुईसचे डोके चाचपून त्याचे भवितव्य उज्ज्वल असल्याचे सांगितले. ही आठवण टर्मन यांनी पुढे आपल्या आत्मचरित्रपर निबंधात नोंदवली. वर्गमित्रांपैकी काही जण इतरांपेक्षा वेगळे का असतात, याचे कुतूहल आपल्याला बालपणापासून होते, असेही त्यांनी त्यात नमूद केले आहे.

शेतीच्या पलीकडे जाण्याचा उपलब्ध मार्ग शिक्षकी पेशाचा होता. पंधराव्या वर्षी त्यांनी डॅनव्हिल येथील सेंट्रल नॉर्मल कॉलेजमध्ये प्रवेश घेतला. अधूनमधून शाळांमध्ये शिकवत त्यांनी तेथील शिक्षण पूर्ण केले. १८९९ मध्ये ॲना बेल मिंटन यांच्याशी त्यांचा विवाह झाला. या दांपत्याला फ्रेडरिक आणि हेलन ही दोन अपत्ये झाली. इंडियाना विद्यापीठातून १९०३ साली पदव्युत्तर पदवी मिळवल्यानंतर टर्मन मॅसॅच्युसेट्समधील क्लार्क विद्यापीठात दाखल झाले.

क्लार्क विद्यापीठाचे अध्यक्ष जी. स्टॅन्ली हॉल हे बालमानसशास्त्रातील तत्कालीन अग्रणी होते. मात्र मानसिक चाचण्यांवर त्यांचा विश्वास नव्हता. त्यामुळे टर्मन यांनी एडमंड सॅनफर्ड यांच्या मार्गदर्शनाखाली प्रबंध पूर्ण केला. हुशार समजली जाणारी सात आणि मंद समजली जाणारी सात मुले घेऊन त्यांच्या बौद्धिक प्रक्रियांची तुलना त्यांनी या प्रबंधात केली. १९०५ मध्ये त्यांना डॉक्टरेट मिळाली.

याच काळात क्षयरोगाने त्यांची प्रकृती ढासळली. उबदार हवामानाच्या शोधात ते कॅलिफोर्नियाला गेले. सॅन बर्नार्डिनो येथे एका माध्यमिक शाळेचे मुख्याध्यापक आणि नंतर लॉस एंजेलिस येथील अध्यापक विद्यालयात प्राध्यापक म्हणून त्यांनी काम केले. १९१० साली स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या शिक्षणशास्त्र विभागात त्यांची नेमणूक झाली. १९२२ ते १९४२ या काळात ते तेथील मानसशास्त्र विभागाचे प्रमुख होते.

स्टॅनफर्ड-बिने चाचणी

आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सायमन यांनी १९०५ साली पॅरिसमध्ये तयार केलेल्या श्रेणीचा हेतू मर्यादित होता. शाळेत मागे पडणाऱ्या आणि विशेष मदतीची गरज असणाऱ्या मुलांना ओळखणे, एवढेच तिचे काम होते. बुद्धी ही जन्मजात आणि अपरिवर्तनीय राशी आहे, असे बिने मानत नव्हते. १९११ मध्ये त्यांचे निधन झाले.

टर्मन यांनी ही श्रेणी अमेरिकेतील मुलांसाठी नव्याने बांधली. त्यांनी कित्येक प्रश्न बदलले आणि नवे प्रश्न घालून एकूण उपचाचण्यांची संख्या ९० पर्यंत नेली. प्रत्येक वयाच्या सरासरी मुलाचे मानसिक वय त्याच्या प्रत्यक्ष वयाइतके यावे, अशा रीतीने त्यांनी प्रश्नांची मांडणी केली. ही आवृत्ती १९१६ साली ‘द मेझरमेंट ऑफ इंटेलिजन्स’ या पुस्तकासह प्रसिद्ध झाली. मानसिक वयाला प्रत्यक्ष वयाने भागण्याची कल्पना जर्मन मानसशास्त्रज्ञ विल्यम स्टर्न यांची होती. टर्मन यांनी त्या भागाकाराला १०० ने गुणून बुद्धिगुणांक सांगण्याची पद्धत रूढ केली. उदाहरणार्थ, दहा वर्षांच्या मुलाला साधारणपणे जमणारे प्रश्न आठ वर्षांच्या मुलाने सोडवले, तर त्याचा बुद्धिगुणांक १२५ येतो.

प्रमाणीकरणासाठी निवडलेली मुले प्रामुख्याने कॅलिफोर्नियातील, श्वेतवर्णीय आणि मध्यमवर्गीय होती. इतर भाषा बोलणाऱ्या किंवा गरीब वस्त्यांतील मुलांनाही पुढे त्याच मोजपट्टीने मोजण्यात आले. हा या चाचणीवरील पहिला आणि दीर्घकाळ टिकलेला आक्षेप आहे. १९३७ साली मॉड मेरिल यांच्या सहकार्याने टर्मन यांनी चाचणीची दुसरी आवृत्ती तयार केली. तिच्या दोन समांतर प्रपत्रांना लुईस आणि मॉड या नावांची इंग्रजी आद्याक्षरे, एल आणि एम, देण्यात आली.

पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्यासाठी सामूहिक चाचण्या तयार करणाऱ्या रॉबर्ट यर्कीस यांच्या समितीत टर्मन सहभागी होते. ‘आर्मी अल्फा’ आणि निरक्षरांसाठीची ‘आर्मी बीटा’ या चाचण्या सुमारे १७ लाख सैनिकांना देण्यात आल्या. एकाच वेळी शेकडो लोकांची चाचणी घेता येते, हे या अनुभवातून सिद्ध झाले. युद्धानंतर हेच तंत्र शाळांत आले आणि विद्यार्थ्यांची वेगवेगळ्या तुकड्यांत विभागणी करण्यासाठी त्याचा सर्रास वापर होऊ लागला. १९२२ मध्ये पत्रकार वॉल्टर लिपमन यांनी ‘द न्यू रिपब्लिक’ या साप्ताहिकातील लेखमालेतून या प्रथेवर कडाडून टीका केली. तासाभराच्या चाचणीवरून मुलाची जन्मजात क्षमता ठरवण्याला त्यांचा विरोध होता. टर्मन यांनी त्याच साप्ताहिकातून त्यांना उपरोधिक उत्तर दिले.

प्रज्ञावान मुलांचा अभ्यास

फार हुशार मुले शरीराने दुबळी, एकलकोंडी आणि विक्षिप्त असतात व त्यांची हुशारी मोठेपणी टिकत नाही, असा समज विसाव्या शतकाच्या आरंभी प्रचलित होता. तो तपासण्यासाठी टर्मन यांनी १९२१ साली कॉमनवेल्थ फंडाच्या अर्थसाहाय्याने कॅलिफोर्नियातील शाळांमधून प्रज्ञावान मुले शोधण्यास सुरुवात केली.

निवड टप्प्याटप्प्याने झाली. प्रथम शिक्षकांना वर्गातील सर्वांत हुशार मुलांची आणि वयाने सर्वांत लहान मुलाची नावे देण्यास सांगण्यात आले. या मुलांना सामूहिक चाचणी देण्यात आली. तीत चांगले गुण मिळवणाऱ्यांची स्टॅनफर्ड-बिने चाचणी एकेकट्याने घेतली गेली. मुख्य गटात प्रवेशासाठी साधारणपणे १४० बुद्धिगुणांकाची अट होती. काही मुलांना १३५ च्या पुढील गुणांकावरही घेण्यात आले. या पद्धतीतून एक अनपेक्षित गोष्ट उघड झाली. वर्गातील सर्वाधिक बुद्धिगुणांकाचे मूल शोधायचे असेल, तर शिक्षकाच्या मतापेक्षा हजेरीपटावरील सर्वांत लहान वयाचे नाव अधिक वेळा बरोबर ठरत होते. शिक्षक मुलाच्या कामगिरीची तुलना वर्गातील इतरांशी करत; त्याच्या वयाचा विचार त्यांच्याकडून सुटत असे.

अंतिम गटात १,५२८ मुलेमुली होती आणि बिने चाचणी दिलेल्यांचा सरासरी बुद्धिगुणांक सुमारे १५१ होता. टर्मन यांच्या स्वतःच्या दोन्ही अपत्यांचा या गटात समावेश होता. बहुतेक मुले शहरी, सुशिक्षित कुटुंबांतील होती. कृष्णवर्णीय, मेक्सिकन आणि आशियाई वंशाच्या मुलांची संख्या अत्यल्प होती. अभ्यासाचे निष्कर्ष ‘जेनेटिक स्टडीज ऑफ जीनियस’ या ग्रंथमालेत प्रसिद्ध झाले. तिचा पहिला खंड १९२५ मध्ये, तर पाचवा टर्मन यांच्या मृत्यूनंतर १९५९ मध्ये निघाला. दुसरा खंड कॅथरिन कॉक्स यांचा असून त्यात इतिहासातील थोर व्यक्तींच्या बालपणाच्या नोंदींवरून त्यांच्या बुद्धिगुणांकाचे अंदाज बांधले आहेत.

प्रज्ञावान मुले सर्वसाधारण मुलांपेक्षा आरोग्याने किंवा सामाजिक समायोजनाने कमी नसतात, उलट काहीशी सरसच असतात, असे अभ्यासातून दिसले. गटातील अनेकांनी पुढे नाव कमावले. आहारशास्त्रज्ञ ॲन्सेल कीज, मानसशास्त्रज्ञ ली क्रोनबॅक व रॉबर्ट सिअर्स आणि दूरचित्रवाणी निर्माते जेस ऑपेनहायमर हे त्यांपैकी काही होत. स्त्रियांची वाटचाल वेगळी झाली. शालेय वयात मुलांच्या बरोबरीने गुण मिळवलेल्या मुलींपैकी सुमारे निम्म्या प्रौढपणी गृहिणी होत्या. त्या काळात त्यांना खुल्या असलेल्या व्यवसायांची संख्याच कमी होती.

टर्मन यांचे या मुलांशी असलेले नाते तटस्थ निरीक्षकाचे राहिले नाही. त्यांनी अनेकांना पत्रातून सल्ला दिला आणि विद्यापीठ प्रवेशासाठी किंवा नोकरीसाठी शिफारसपत्रे लिहिली. या मदतीमुळे अभ्यासाचे निष्कर्ष किती प्रमाणात प्रभावित झाले, हा प्रश्न नंतरच्या संशोधकांनी उपस्थित केला.

१९४७ च्या चौथ्या खंडात टर्मन आणि मेलिटा ओडन यांनी गटातील सर्वांत यशस्वी १५० आणि सर्वांत कमी यशस्वी १५० पुरुषांची तुलना केली. दोन्ही उपगटांचे बालपणीचे बुद्धिगुणांक जवळजवळ सारखे होते. फरक होता तो चिकाटी, आत्मविश्वास, ध्येयनिष्ठा आणि कौटुंबिक पार्श्वभूमी यांमध्ये. मोठ्या यशाचा उगम उच्च बुद्धिगुणांकात आहे, या टर्मन यांच्या मूळ धारणेला त्यांच्याच आकडेवारीने मर्यादा घातली.

निवडीतून सुटलेली मुले

टर्मन यांच्या चाचणीत बसलेल्या, परंतु गुणांक पुरेसा न आल्यामुळे गटाबाहेर राहिलेल्या मुलांमध्ये विल्यम शॉक्ली आणि लुईस अल्वारेझ हे दोघे होते. शॉक्ली यांना ट्रान्झिस्टरच्या संशोधनासाठी १९५६ चे, तर अल्वारेझ यांना कणभौतिकीतील कार्यासाठी १९६८ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. निवडलेल्या १,५२८ जणांपैकी एकालाही नोबेल मिळाले नाही. शॉक्ली यांनी स्टॉकहोम येथे १० डिसेंबर १९५६ रोजी पारितोषिक स्वीकारले आणि त्यानंतर अकरा दिवसांनी टर्मन यांचे निधन झाले. बुद्धिगुणांकाच्या मर्यादा सांगताना हे उदाहरण हमखास दिले जाते.

मात्र या उदाहरणावरून काय सिद्ध होते, याविषयी मतभेद आहेत. निवडीत होणाऱ्या चुकांमागे चाचणीच्या आशयाखेरीज संख्याशास्त्रीय कारणेही असतात. कोणत्याही चाचणीतील गुण म्हणजे खरी क्षमता आणि योगायोगाने आलेली त्रुटी यांची बेरीज होय. एखाद्या दिवशी मूल आजारी असते, तर एखाद्या दिवशी नेमके त्याला येणारेच प्रश्न विचारले जातात. उच्च गुणांची सीमा ठेवून निवड केली, की ज्यांच्या बाबतीत ही त्रुटी अनुकूल पडली अशी मुले गटात अधिक प्रमाणात येतात. तीच मुले पुन्हा चाचणीस बसली, तर त्यांची सरासरी खाली येते. फ्रान्सिस गॉल्टन यांनी एकोणिसाव्या शतकात वर्णिलेल्या या घटनेला मध्यमानाकडे प्रतिगमन असे म्हणतात. टर्मन यांच्या गटाच्या पुढील फेऱ्यांतील चाचण्यांतही सरासरी पहिल्या वेळेपेक्षा सर्वसाधारण लोकसंख्येच्या सरासरीकडे सरकलेली आढळली. मुलांची बुद्धी कमी झाली, असा याचा अर्थ होत नाही.

संगणकीय सदृशीकरणाने, म्हणजेच सिम्युलेशनने, ही त्रुटी किती मोठी असते ते पाहता येते. त्यासाठी सरासरी १०० आणि प्रमाण विचलन १५ असलेल्या काल्पनिक मुलांना खरे गुण बहाल करतात, त्यांत यादृच्छिक त्रुटी मिसळून चाचणीचे गुण तयार करतात आणि ठरलेल्या सीमेवर निवड करून पाहतात. खरे गुण माहीत असल्यामुळे कोण चुकीने आत आले आणि कोण चुकीने बाहेर राहिले, हे येथे मोजता येते; प्रत्यक्ष शाळेत ते कधीच कळत नाही. परस्परांशी ०.९ इतका उच्च सहसंबंध असलेल्या दोन समांतर चाचण्या आणि १३० ची सीमा घेतली, तर पहिल्या चाचणीत निवडलेल्या १०० मुलांपैकी सुमारे ६० मुलेच दुसऱ्या चाचणीतही निवडली जातात. सीमेच्या लगत मुलांची गर्दी असते आणि दोन-तीन गुणांचा फरक तेथे निर्णायक ठरतो. शिक्षकांचे नामनिर्देशन हा पहिला टप्पा असेल, तर ज्यांचे नाव सुचवले गेले नाही ती मुले चाचणीपर्यंत पोहोचतच नाहीत. त्यामुळे नंतरची चाचणी कितीही चांगली असली, तरी त्या मुलांची उणीव भरून निघत नाही.

रसेल वॉर्न व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० साली ‘इंटेलिजन्स’ या नियतकालिकात टर्मन यांच्या निवडप्रक्रियेचेच सदृशीकरण प्रसिद्ध केले. भावी नोबेल विजेते टर्मन यांच्या हाती लागण्याची शक्यता मुळातच कमी होती, असा त्यांचा निष्कर्ष आहे. नोबेल विजेत्यांचे लोकसंख्येतील प्रमाण अत्यल्प असते आणि १३५ किंवा १४० ची सीमा फार उंच होती, ही त्यांनी दिलेली दोन मुख्य कारणे होत. पद्धतीत बदल केले असते, तरी अल्वारेझ आणि शॉक्ली यांच्या निवडीची शक्यता फारशी वाढली नसती, असे त्यांना आढळले. या विश्लेषणामुळे चाचणीवरील नेहमीच्या आक्षेपाची धार काहीशी कमी होते. त्याचबरोबर, बालपणीच्या एका सीमारेषेवरून भावी असामान्य व्यक्ती शोधता येतील, ही टर्मन यांची अपेक्षाही निराधार ठरते.

सुप्रजननशास्त्र आणि वाद

बुद्धी मुख्यतः आनुवंशिक असते, असे टर्मन यांचे ठाम मत होते. १९१६ च्या पुस्तकात त्यांनी मेक्सिकन, मूळ अमेरिकी आणि कृष्णवर्णीय मुलांमधील कमी गुणांकांचा संबंध वंशाशी जोडला व अशा मुलांसाठी वेगळे वर्ग सुचवले. या मुलांची भाषा, दारिद्र्य आणि शाळांची अवस्था यांचा पुरेसा विचार त्यात नव्हता. पॅसाडिना येथील ह्यूमन बेटरमेंट फाउंडेशन या सक्तीच्या निर्बीजीकरणाचा पुरस्कार करणाऱ्या संस्थेचे ते सदस्य होते. कॅलिफोर्नियात १९०९ च्या कायद्यान्वये विसाव्या शतकात सुमारे २०,००० व्यक्तींचे निर्बीजीकरण झाले. त्यांत मतिमंद असा शिक्का बसलेल्यांची संख्या मोठी होती आणि तो शिक्का मारण्यासाठी बुद्धिमापन चाचण्यांचा आधार घेतला जात असे.

वांशिक फरकांविषयीची त्यांची खात्री उतारवयात कमी झाली होती, हे त्यांनी आपल्या आत्मचरित्रपर निबंधाच्या प्रतीवर नंतर केलेल्या टिपणांवरून दिसते. मात्र आपल्या पूर्वीच्या मतांचा त्यांनी जाहीर त्याग केला नाही.

सन्मान आणि अखेरचा काळ

टर्मन १९२३ मध्ये अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनचे अध्यक्ष होते. १९२८ मध्ये नॅशनल ॲकॅडमी ऑफ सायन्सेसवर त्यांची निवड झाली. बुद्धिमापनाखेरीज लिंगभाव व व्यक्तिमत्त्व आणि वैवाहिक सुख या विषयांवरही त्यांनी १९३० च्या दशकात ग्रंथ लिहिले. १९४२ साली ते निवृत्त झाले. त्याच वर्षी घराला लागलेल्या आगीत ते गंभीर भाजले; तरीही प्रज्ञावान गटाचे काम त्यांनी अखेरपर्यंत चालू ठेवले. २१ डिसेंबर १९५६ रोजी वयाच्या ७९ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

त्यांचे पुत्र फ्रेडरिक टर्मन हे स्टॅनफर्ड विद्यापीठात अभियांत्रिकी शाखेचे अधिष्ठाता होते. सिलिकॉन व्हॅलीच्या जडणघडणीत त्यांचा मोठा वाटा होता. वडिलांच्या निवडीतून सुटलेल्या शॉक्ली यांनी आपली अर्धवाहक प्रयोगशाळा स्टॅनफर्डच्या परिसरात उभारावी, यासाठी प्रोत्साहन देणाऱ्यांमध्ये फ्रेडरिक हेही होते.

वारसा

टर्मन यांच्या पश्चात या अभ्यासाची जबाबदारी रॉबर्ट सिअर्स यांच्याकडे आली. ते स्वतः बालपणी या गटात निवडले गेले होते. हॉवर्ड फ्रीडमन आणि लेस्ली मार्टिन यांनी याच नोंदींच्या आधारे दीर्घायुष्याचा अभ्यास केला. बालपणी कर्तव्यदक्ष व काटेकोर असलेल्या व्यक्ती अधिक जगल्या, असा त्यांचा निष्कर्ष २०११ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाला.

भारतात व्ही. व्ही. कामत यांनी तत्कालीन मुंबई इलाख्यातील मराठी व कन्नड भाषक मुलांसाठी स्टॅनफर्ड आवृत्तीच्या आधारे बिने श्रेणीचे रूपांतर केले. त्यावरील त्यांचे पुस्तक १९४० मध्ये प्रसिद्ध झाले. बिने-कामत चाचणी या नावाने ती पुढे अनेक दशके बालमार्गदर्शन केंद्रांत वापरली गेली. महाराष्ट्रात बुद्धिमान विद्यार्थ्यांच्या शिक्षणाचा संस्थात्मक प्रयत्न अप्पा पेंडसे यांनी १९६२ साली पुण्यात स्थापन केलेल्या ज्ञानप्रबोधिनीने केला.

पालो अल्टो येथील एका शाळेला टर्मन यांचे नाव देण्यात आले होते. सुप्रजननशास्त्राच्या चळवळीतील त्यांच्या सहभागावर आक्षेप घेतला गेल्यानंतर २०१८ मध्ये ते बदलून शाळेला एलन फ्लेचर यांचे नाव देण्यात आले. प्रज्ञावान विद्यार्थ्यांच्या निवडीसाठी एकाच चाचणीवर व एकाच सीमेवर विसंबू नये, अनेक निकषांचा आणि पुनर्चाचणीचा आधार घ्यावा, हे तत्त्व आता या क्षेत्रात सामान्यतः स्वीकारले गेले आहे.